मधल्या नावाचा माणूस

१

डेक्लन कीव्हनी एरवी भिंतीशी यायचा तो आजोबांना हात हलवून नमस्कार करायला आणि पावसाच्या नावाने दोन शब्द बोलायला. त्या शनिवारी तो आला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाला, "माझ्या आईचा चांदीचा पेला नाहीसा झालाय."

यामिनी दोरीवरचे कपडे काढत होती. गॉलवेत कपडे वाळत घालणं म्हणजे पावसाशी डाव मांडणं, आणि आजचा डाव ती हरायच्या बेतात होती. आजोबा खाली वाकून मेथीच्या वाफ्यात खुरपत होते.

"कुठला पेला?" तिने विचारलं. जणू त्याच्या आईकडे, शेजारच्या नोरीनकडे, पेल्यांची रांग होती! एकच होता. बाळमुठीत मावेल एवढा, नोरीनच्या वडिलांचा, त्यांच्या बाप्तिस्म्याच्या वेळचा. ते लिओ लाफोर्ज. कॅनडातल्या क्वेबेकचे, म्हणजे जिथे पूर्वी फ्रेंचांची वसाहत होती तिथले. युद्ध संपल्यावर बोटीने गॉलवेला आले, इथल्या मुलीशी लग्न केलं आणि नोरीन आठ वर्षांची असताना वारले. मागे राहिला तो हा पेला.

"घरात तिघंच येतात," डेक्लन म्हणाला. "मी, केअरर आणि तुझे आजोबा. मी गार्डांकडे, पोलिसांत, जाणार नाहीये. सोमवारी पेला जागेवर दिसला तर मी कुणालाही काहीही विचारणार नाही."

तो हे इतक्या सभ्यपणे म्हणाला, की यामिनीला राग यायलाही वेळ लागला.

"काय म्हणतोय गं तो?" आजोबांनी खालूनच विचारलं.

गेलं वर्षभर भिंतीवरून जाणाऱ्या-येणाऱ्या बोलण्यातलं जे जे अडे, ते ते यामिनी सोडवून द्यायची. बटाट्यांचे भाव, लशीची तारीख, कुणाची शस्त्रक्रिया. पण हे वाक्य तिला मराठीत आणताच येईना.

"तो म्हणतोय... पेला तुम्ही घेतलात का."

आजोबांनी खुरपं वाफ्याच्या कडेला ठेवलं. हात झटकले. डेक्लनकडे बघितलंही नाही. "मेथी तेवढी काढून घे," असं यामिनीला म्हणाले आणि घरात गेले.

यामिनीने मान वर केली. डेक्लनच्या मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीत नोरीन उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. खिडकी उघडी होती, म्हणजे ऐकलंही होतं.

आणि नोरीनने पडदा ओढून घेतला.

२

यामिनीची गंमत अशी, की वर्षापूर्वी ती कुणाला उत्तरसुद्धा द्यायची नाही. वर्गात मागच्या बाकावर, घरात पुस्तकाच्या मागे. मग आलं ट्रान्झिशन इयर, म्हणजे इथल्या शाळेतलं दोन मोठ्या परीक्षांच्या मधलं वर्ष, अभ्यास कमी आणि उचापती जास्त. त्यात तिने ऑनलाइन वादविवादात भाग घेतला आणि चक्क जिंकली. तेव्हापासून बाईंना कंठ फुटला होता. चहात साखर किती, यावरही ती आता मुद्देसूद बोलायची.

"मी शोधून काढणार," तिने जेवताना जाहीर केलं.

"काही नको," बाबा म्हणाले. बाबा, म्हणजे विनय, हृदयात बसवायच्या स्टेंटच्या कारखान्यात इंजिनिअर होता आणि घरातही कुठे काही तुंबू नये याची त्याला फार काळजी असे. "शेजार आहे. आपण तसाच एक पेला मागवून देऊ. विषय संपेल."

"घेऊन दिला म्हणजे घेतला होता असं होतं, विनय," आजोबा म्हणाले. एवढंच म्हणाले, आणि भात तसाच ठेवून उठले.

दत्तात्रय आजोबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी आले होते, २०२०च्या फेब्रुवारीत. मार्चमध्ये जग बंद झालं आणि ते इथेच अडकले. आता एप्रिल २०२१ उजाडला होता आणि सांगलीहून येणारा फोन वाजला की घरातली सगळी एकमेकांकडे बघत. रोज कुणीतरी गेलेलं असायचं. कधी शाळेतला सोबती, कधी चुलतभाऊ. आजोबा ऐकून घ्यायचे, स्वेटर चढवायचे आणि भिंतीशी जायचे. तिथे नोरीनबाई असायच्या.

दोघांना जोडलं ते पूर्वजांनी. आजोबा निवृत्त शिक्षक. सांगलीत त्यांनी दहा वर्षं खपून आपल्या घराण्याचा कुलवृत्तांत काढला होता. मूळ पुरुषापासून आजच्या पोरापर्यंत कोण कुणाचा मुलगा, ते सगळं. नोरीनला आपल्या वडिलांची माणसं शोधायची होती. मग काय! मोडकं इंग्रजी, नावं आणि सालं यांवर दोघांनी कित्येक महिने काढले. क्वेबेकमधल्या त्या गावचा एक स्वयंसेवक ईमेलवर माहिती पाठवायचा. आणि नोव्हेंबरमध्ये त्यांना चक्क जिवंत माणूस सापडलं. लिओची धाकटी बहीण रोझ-आल्मा, वय पंच्याण्णव, तिकडच्या एका वृद्धाश्रमात. नोरीनला बहात्तराव्या वर्षी आत्या मिळाली! दर रविवारी दोघी टॅबलेटवर एकमेकींना बघायच्या.

अशी ही मैत्री. आणि आता आजोबा खोलीतून बाहेर येत नव्हते.

"आजोबा, नोरीनने पडदा का ओढला?" यामिनीने दारातूनच विचारलं.

"तिला वाटत असेल मीच घेतला," आजोबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

यामिनीला तसं वाटत नव्हतं. ज्याची वस्तू जाते तो ओरडतो. नोरीन एकदाही ओरडली नव्हती.

३

डेक्लनला तिने रविवारी सकाळी गाठलं. तो आईच्या फाटकाला तेल घालत होता.

"सॉरी यामिनी, मला तुझ्याशी भांडायचं नाहीये."

"मलापण नाही. पेला गेलेला कधी कळला?"

"परवा. कपाटावर हात टेकला तर जागा मोकळी. आईला विचारलं, तर म्हणाली, असेल कुठेतरी, राहू दे."

"राहू दे? तिच्या वडिलांचा पेला?"

"तेच तर! ती तुझ्या आजोबांना वाचवतेय, दुसरं काय." डेक्लनने फाटक पुढे-मागे केलं. ते तरीही कुरकुरलंच. "मला वाईट वाटतंय. तुझ्या आजोबांनी एवढी वंशावळ काढून दिली तिला. मला त्या नावांतलं काही कळत नाही, तरी मी स्वतः फ्रेम करून दिली होती, तिच्या वाढदिवसाला, फेब्रुवारीत."

उघड्या दारातून यामिनीला आतली बोळवजा खोली दिसत होती. भिंतीवर एक खिळा होता. नुसताच.

"मग फ्रेम कुठाय?"

"काच तडकली म्हणे. बदलायला टाकलीय."

"कुठे?"

"त्या फ्रेमवाल्याकडे, शॉप स्ट्रीटच्या मागे." डेक्लनने खांदे उडवले. "तिथेच केली होती. ख्रिसमसच्या आधीच करून आणली नसती तर मिळालीच नसती. ती दुकानं अजून कुठे उघडलीयत?"

तो स्वतःच काय बोलला ते त्याच्या ध्यानात आलं नाही. यामिनीच्या आलं. दुकान नाताळानंतर बंद ते आजवर बंद. मग तडकलेली काच नोरीनने टाकली कुणाकडे?

४

केअरर म्हणजे योगिनीताई. मूळची नागपूरची, सकाळ-संध्याकाळ चार घरच्या म्हाताऱ्यांचं करायची. ती बसथांब्यावर सापडली, आणि डेक्लनने तिलाही विचारलेलं होतं.

"मला तर एजन्सीचा फोन येऊन गेला बाप्पा! म्हणे, काही सांगायचं आहे का." योगिनीताईने पिशवी छातीशी धरली. "इथे एक डाग लागला ना, की दुसऱ्या दिवशी कोणी घरात घेत नाही. तू कशाला विचारून राहिली पण?"

"आजोबांवर पण तोच डाग आहे."

योगिनीताई जराशी सैलावली. "ते काहून घेतील? ते आले की मॅडम खुश असायच्या. आत्ता आत्ताच चूप-चूप राहतात."

"आत्ता म्हणजे कधीपासून?"

"वाढदिवसानंतर. रविवारी तर बघवत नाही. तो टॅबलेट वाजतो, वाजतो, वाजतच राहतो. आणि मॅडम काय करतात माहीत आहे? किचनमध्ये जाऊन नळ सोडतात. वाजणं थांबलं की नळ बंद. मी म्हटलं एकदा, उचलू का? तर म्हणाल्या, नको, प्लीज."

"आत्याचा फोन असतो तो."

"माहीत आहे ना! आधी किती हसायच्या दोघी. मॅडम इकडून पेला दाखवायच्या, ती म्हातारी तिकडून. तिच्याकडेही तसाच होता, छोटासा. दोघी स्क्रीनवर पेला टेकवून चिअर्स करायच्या, रिकामेच! म्हातारी आपला पेला उलटा करून खालचं नाव दाखवायची. फिलोमेन, फिलोमेन. तिच्या मावशीने दिला होता म्हणे." बस वळणावर दिसली. "चोर आणि फोन यांचा काय संबंध लावून राहिली तू?"

बस निघून गेली तरी यामिनी तिथेच उभी होती. संबंध होता. नोरीनच्या घरातून एकच वस्तू गेली नव्हती. तीन गेल्या होत्या. पेला, फ्रेम आणि रविवारचा फोन. चांदीवर डोळा असणारा चोर वंशावळ कशाला नेईल? आणि फोन तर कुणी चोरूच शकत नाही. तिन्हीत एकच माणूस होता, लिओ लाफोर्ज. त्याला त्या घरातून कुणीतरी हळूहळू पुसून टाकत होतं.

आणि ते करायची मुभा घरात फक्त एकाच बाईला होती.

५

नोरीन मागच्या पायरीवर चहाचा मग घेऊन बसली होती. यामिनी भिंतीच्या अलीकडे उभी राहिली.

"पेला चोरीला गेलेला नाही," ती म्हणाली. "तो तुमच्याकडेच आहे."

नोरीनने हातातला मग पायरीवर ठेवला. मग उठली, आत गेली आणि आली ती टॉवेलात काहीतरी गुंडाळून. "हॉट प्रेसमध्ये होता," ती म्हणाली. हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. इथे घरोघरी त्यात टॉवेल ठेवतात. "समुद्रात टाकायचा होता. सॉल्टहिलच्या किनाऱ्यापर्यंत दोनदा गेले. नाही टाकवला."

"पण मग डेक्लन आजोबांना बोलत होता तेव्हा..."

"ऐकलं मी." तिने डोळे वर केले नाहीत. "कुठे आहे सांगितलं असतं, तर का हेही सांगावं लागलं असतं. ते मला माझ्या मुलालाही सांगायचं नव्हतं. दत्ताशी मी फार वाईट वागले, पोरी."

तिने पेला उलटा केला. तळाशी कोरलेलं होतं, 'आर्मां, १९२१'.

"आर्मां कोण?" यामिनीने विचारलं.

"माझ्या आजोबांचा भाऊ. त्याच घरात राहायचा, बिनलग्नाचा. तुझ्या आजोबांनी फार हुशारीने शोधलं, त्यांचा काही दोष नाही. माझे वडील त्या घरात जन्मले खरे, पण ते माझ्या आजोबांचे नव्हतेच. ते या आर्मांचे." नोरीनचा आवाज खाली आला. "माझ्या आजीला दिरापासून मूल झालं आणि सगळ्या घराने ते झाकलं. जानेवारीत टीव्हीवर तो सरकारी अहवाल आला होता, त्या कुमारी मातांच्या आश्रमांचा, आठवतं? लग्नाशिवायची मुलं, त्यांच्या आया, सगळं कसं गाडून टाकलं आपल्या देशाने. रोज रडायचे बघताना. आणि फेब्रुवारीत कळलं, की माझ्याच घरात तेच."

"आणि रोझ-आल्मा?"

"तिला ठाऊकच नाही. ती तिच्या आईबद्दल इतकं छान बोलते! मी तिच्यासमोर बसून हसू कशी? सांगूही शकत नाही, लपवूही शकत नाही." तिने पेला पुन्हा टॉवेलात गुंडाळला. "म्हणून नळ सोडते."

आजोबा चोर नव्हते. यामिनी जिंकली होती. पण घरी परतताना तिला काही जिंकल्यासारखं वाटेना. पंच्याण्णव वर्षांची एक म्हातारी दर रविवारी फोन लावत होती, आणि तो का उचलला जात नाही याचं कारण आजोबांच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

६

आजोबा दुपारचे पडले होते. वंशावळीची कच्ची प्रत त्यांच्या फायलीत होती, आणि स्वयंसेवकाची ईमेलसुद्धा. यामिनीने दोन्ही जेवणाच्या टेबलावर पसरली.

चर्चचं कार्यालय तेव्हा बंद होतं, त्यामुळे स्वयंसेवकाने त्या घरातल्या मुलांची बाप्तिस्म्याची नुसती नावं आणि सालं पाठवली होती. आईबापांचं नंतर बघू म्हणाला होता. मुलगे दोन. थोरला जोसेफ ओव्हिला लाफोर्ज. धाकटा जोसेफ आर्मां लिओ लाफोर्ज.

आजोबांनी बाजूला पेन्सिलीने टिपण केलं होतं, आणि ते वाचून यामिनी मनातून चाटच पडली. इतकं सरळ होतं ते. थोरला जोसेफ, बापाचं नाव ओव्हिला. धाकटा जोसेफ, बापाचं नाव आर्मां, घरचं नाव लिओ. खाली लिहिलं होतं, 'एक बाप दोन मुलांची नावं जोसेफ ठेवणार नाही. म्हणजे बाप दोन.' आणि ओव्हिला, आर्मां हे भाऊ त्या घरात राहत होतेच.

बिनतोड! यामिनी दत्तात्रय असती तर तिनेही हेच लिहिलं असतं. तीही यामिनी विनय होतीच की.

पण काहीतरी खटकत होतं. ती वंशावळीकडे बघत राहिली. ओव्हिला, आर्मां, थोरला जोसेफ, लिओ, लिओखाली नोरीन. आणि नोरीनची ती आत्या?

"मुली कुठेयत?" ती मोठ्याने म्हणाली.

मुली नव्हत्या. सांगलीच्या कुलवृत्तांतातही नव्हत्या; आजोबांच्या चार बहिणींना तिथे एक ओळ मिळाली होती, 'कन्या चार'. नोरीनला तेवढी जागा मिळाली ती जिचा वंश शोधायचा ती तीच म्हणून. बाकी आजोबांनी सवयीप्रमाणे मुलग्यांच्या रेघा ओढल्या होत्या आणि ईमेलचं खालचं अर्धं पान तसंच सोडलं होतं. यामिनीने ते वाचलं.

मारी फिलोमेन रोझ-आल्मा. मारी देल्फीन सेसील. मारी युजेनी ब्लांश.

तीन मुली. तिन्ही मारी!

एक बाप दोन मुलांना जोसेफ म्हणणार नाही, तर एक आई तीन मुलींना मारी कशी म्हणेल? म्हणजे जोसेफ आणि मारी ही हाक मारायची नावंच नव्हेत. ती सगळ्यांनाच लागतात, देवाची म्हणून. हाक मारायचं नाव शेवटचं. थोरल्याचं ओव्हिला, बापाचंच. लिओ. रोझ-आल्मा. आणि मधलं? रोझ-आल्माच्या मध्ये फिलोमेन होती. फिलोमेन ही बाई. ती काही रोझ-आल्माचा बाप असू शकत नाही! ती तिची मावशी. बाप्तिस्म्याला पेला देणारी.

मधलं नाव बापाचं नव्हतंच. ज्याने बाळाला चर्चमध्ये हातावर घेतलं, पेला दिला, धर्मपिता किंवा धर्ममाता म्हणून उभं राहिलं, त्या माणसाचं होतं. मुलीला बाईचं, मुलाला पुरुषाचं. काका आर्मांने पुतण्याला हातावर घेतलं होतं. बस, एवढंच केलं होतं त्याने.

तिने स्वयंसेवकाला ईमेल टाकली. कार्यालय मधल्या काळात उघडलं होतं आणि नोंदी त्याने पाहून ठेवल्या होत्या. उत्तर संध्याकाळच्या आत आलं. लिओचे वडील ओव्हिला. आर्मां धर्मपिता. आमच्या जुन्या फ्रेंच घरांत नावं अशीच ठेवत, त्याने लिहिलं होतं, तुम्हाला ठाऊक असेल असं मी धरून चाललो.

आतून आजोबांची काठी वाजली. ते उठले होते.

७

"आजोबा, तुमच्यावरचा आळ गेला," यामिनी म्हणाली. वादविवाद जिंकल्यापासून जिला बोलण्यावाचून राहवत नव्हतं, तिच्या तोंडून पुढचं वाक्य निघेना.

"मग तोंड का असं केलंयस?"

तिने टेबलावरचे कागद त्यांच्याकडे सरकवले. आजोबांनी चष्मा लावला. आधी स्वतःचं टिपण वाचलं, मग तीन मारी वाचल्या, मग स्वयंसेवकाचं उत्तर. त्यांचं बोट फिलोमेनपाशी थांबलं आणि तिथेच राहिलं.

"हे मधलं नाव," ते म्हणाले, "बापाचं नाही होय."

"नाही. आपल्याकडे तरी कुठे नेहमी असतं? आईचं नाव माधवी विनय. बाबा काय तिचे वडील आहेत?"

एरवी आजोबा हसले असते. "आणि नोरीनबाईंनी माझी रेघ खरी धरली."

मग यामिनीने बाकीचं सांगितलं. अहवाल, आजी, दीर, नळ. सांगताना ती शक्य तेवढं मऊ करत होती, पण मऊ होण्यासारखं त्यात काही नव्हतंच. आजोबा ऐकत राहिले. मग त्यांनी कोट घातला, टोपी घातली, आणि भिंतीशी न जाता रस्त्याच्या बाजूने, पुढच्या फाटकातून नोरीनच्या दाराशी गेले. यामिनी मागोमाग.

नोरीनने दार उघडलं. आजोबांनी टोपी काढली. "मॅडम, आय मेड मिस्टेक," ते म्हणाले. "यूअर फादर, ओव्हिला'ज सन. यूअर ग्रँडमदर, गुड लेडी. माय मिस्टेक."

उरलेलं यामिनीने सांगितलं. नोरीनने ते दोनदा सांगायला लावलं. मग तिने भिंतीला हात टेकला आणि हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसू. "म्हणजे तो नुसता काका होता! बिचारा आर्मां! मी त्याला किती शिव्या दिल्या!" तिने आजोबांचा हात धरला, दोन्ही हातांनी, लशीनंतर पहिल्यांदाच कुणाचा तरी. "दत्ता, आत या. दोघंही आत या. आज रविवार आहे. तिकडे दुपार असेल. मी तिला सगळं सांगते, ती पोट धरून हसेल."

टॅबलेट गालिच्याच्या कोपऱ्यात पालथा पडला होता. तो चार्ज होईपर्यंत नोरीनने केस विंचरले, पेला आणून समोर ठेवला. मग फोन लावला. बराच वेळ वाजला.

पडद्यावर आली ती एक तरुण नर्स.

तिने नोरीनचं नाव ऐकलं आणि तिचा चेहरा बदलला. माफ करा, ती म्हणाली, तुमचा दुसरा नंबर आमच्याकडे नव्हता. मादाम ईस्टरच्या आठवड्यात गेल्या. नाही, कोविड नाही. वय. झोपेतच गेल्या. रविवारी मात्र शेवटपर्यंत त्यांना तयार करावं लागायचं, लिपस्टिक लावून, खिडकीशी. तुम्ही कामात असाल, असं म्हणायच्या आम्हाला. तिच्या वडिलांसारखीच आहे ती, सतत कामात.

नोरीनने तिचे आभार मानले. खूप व्यवस्थित मानले. पडदा काळा झाला. खोलीत कुणी नळ सोडला नव्हता, तरी यामिनीला आपण पाण्याखाली आहोत असं वाटत राहिलं.

८

सोमवारी डेक्लन भिंतीशी आला. त्याला आईने सगळं सांगितलं होतं. त्याच्या हातात लिंबाचा केक होता आणि कान लाल झाले होते.

"त्यांना सांग," तो यामिनीला म्हणाला, "की मला लाज वाटतेय. त्यांनी काहीच घेतलं नव्हतं. मी त्यांना चोर ठरवलं. मला माफ करा म्हणावं."

यामिनीने सांगितलं. आजोबा मेथीच्या वाफ्यापाशी खुर्ची टाकून बसले होते.

"त्याला म्हणावं, माफी मागू नकोस," ते म्हणाले. "पेला घेतला नाही मी. पण त्या म्हातारीचे रविवार घेतले. तुझ्या आईला एक आत्या मिळाली होती, तीही घेतली. पेला परत देता येतो. हे कुठून देऊ, विचार त्याला."

यामिनी डेक्लनकडे वळली. तो केक धरून वाट बघत होता. "ते म्हणतात, इट्स ग्रँड," ती म्हणाली. या देशात कशालाही ग्रँड, म्हणजे ठीक आहे, म्हणतात. चहा ग्रँड, पाऊस ग्रँड, पाय मोडला तरी ग्रँड.

"यामिनी," आजोबा म्हणाले. "वर्ष झालं मला इथं. तेवढा शब्द कळतो मला. मी जे बोललो ते सांग."

मग तिने सांगितलं. एकेक शब्द. रविवारही तिने गाळले नाहीत.

डेक्लनने केक भिंतीवर ठेवला. पावसाची भुरभुर सुरू झाली होती आणि कुणीच आत जात नव्हतं.

"त्यांची काही चूक नाही," तो शेवटी म्हणाला. "आईने विचारायला हवं होतं. नुसतं विचारलं असतं, तरी..."

यामिनीने तेही आजोबांना सांगितलं.

"तिनं विचारलं होतं," आजोबा म्हणाले. "मला. खात्री आहे का, म्हणून. मी हो म्हणालो."